मस्कतहून आलेला सल्ला

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बहिणीजवळ नाही, मुलीजवळ नाही. नमाजाच्या वेळी जानमाजवर बसूनसुद्धा मी तिच्या अवतीभवती फिरून उठले आहे. तुमच्यापाशी बोलते. पण आधी मला थोडं मिरवू द्या. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही तुम्हाला, आणि खरं सांगू? — मिरवायला मला आवडतं.

मी रेहाना. मुरुडच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते, आता निवृत्त. माझे मिस्टर बावीस वर्षं मस्कतला, एका गोदामावर सुपरवायझर. एका सुट्टीत त्यांनी गाडी घेतली, महिनाभर फिरवली आणि चावी माझ्या हातात देऊन विमानात बसले. मी चालवायला शिकले. मग गाडी आतून समजून घ्यायला लागले — आणि त्यातही ब्रेक.

का ब्रेक? कारण समुद्राकाठी सगळ्यात आधी तेच जातात. आगरदांड्याहून गाडी फेरीबोटीत चढवून दिघीला नेली, परत आणून दोन दिवस उभी ठेवली, की चाकाच्या आतली लोखंडी थाळी — डिस्क म्हणतात तिला — तांबूस होते. ब्रेक दाबला की पॅड या थाळीला दोन्ही बाजूंनी धरतात. ती झिजत झिजत ठरावीक मापाखाली गेली की फेकायची. ते माप तिच्यावरच कोरलेलं असतं. पण मोजायला जा, व्हर्नियर — जाडी मोजायची चिमट्यासारखी पट्टी — फसवतो! मधला भाग झिजलेला असतो आणि बाहेरच्या कडेला गंजका कंगोरा उभा राहतो. व्हर्नियर त्या कंगोऱ्यावर बसतो आणि डिस्क आहे त्याहून जाड दाखवतो. मी दोन्ही बाजूंनी, कंगोऱ्याच्या आत, एकेक नाणं लावायची, नाण्यांवरून माप घ्यायची आणि नाण्यांची जाडी वजा करायची. मला हे कुणी शिकवलं नाही. शाळेतला व्हर्नियर पर्समध्ये घालून आणला आणि अंगणात गाडीखाली घोंगडी पसरून शोधून काढलं.

पहिल्यांदा माप घेतलं तेव्हा डिस्क संपल्या होत्या. काय घ्यायचं हेही मीच ठरवलं — रात्ररात्र नाही हो, शाळेच्या मधल्या सुट्टीत वाचून. डिस्क दोन्ही चाकांच्या एकदमच बदलायच्या. मध्यभागी आणि कडेला रंगाचा थर दिलेल्या घ्यायच्या, म्हणजे आपल्या हवेत टिकतात. पॅड सिरॅमिकचे, काळी पूड कमी, आवाजही कमी. सगळं कागदावर लिहून दिनूच्या गॅरेजला गेले.

दिनूनं कागद वाचलाच नाही. "भाभी, मिस्टरांना इचारून घ्या ना येकदा. ते बोलतील ते फायनल."

आता माझ्या मिस्टरांना टायर बदलता येत नाही. माणूस लाख चांगला, पण पाना कुठून धरायचा हे त्यांना अजून ठाऊक नाही. मी मात्र "बरं" म्हटलं, बाहेर माडाखाली गेले, फोन कानाला लावला. नंबर फिरवलाच नाही. दोन मिनिटं मान डोलवली, "अच्छा, अच्छा" म्हटलं, आत आले. "हे म्हणतात, दोन्ही डिस्क बदला." आणि पुढे कागदावरचं सगळं, शब्दाला शब्द.

दिनू म्हणाला, "साहेबांचा अभ्यास हाय."

मला राग यायला हवा होता, नाही? मला गुदगुल्या झाल्या. एवढा मोठा गॅरेजवाला माझ्या अकलेपुढे मान झुकवत होता आणि त्याला पत्ताच नव्हता. पुढची दहा वर्षं हे चाललं. एकदा असंच मस्कतशी बोलत असताना कानाला लावलेला फोन खणखणला — मुख्याध्यापक! दिनू बघत होता. "लाइन कट झाली वाटतं," मी म्हटलं आणि पाठ फिरवून मुख्याध्यापकांना पेपरांचा गठ्ठा कुठे आहे ते सांगितलं. घरी येऊन एकटीच किती हसले! गावात कुणाचीही गाडी ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढायला लागली की दिनू मला गाठायचा. "मिस्टरांना इचारा." माझा एकही सल्ला चुकला नाही. एकही नाही.

म्हणजे — एक सोडून. आणि तोही चुकून चुकला नव्हता.

वैशालीताई. नांदगावच्या बाजूला त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे, वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या. मला त्या वेळी नुसत्या तोंडओळखीच्या. एका शनिवारी मी हवा भरायला गेले तर त्या दिनूशी बोलत उभ्या होत्या. त्यांच्या गाडीची चाकं उतरवलेली. दिनू म्हणत होता, जुन्या डिस्क लेथवर गुळगुळीत करून आणू, नवे पॅड टाकू, झालं काम.

"अहो, पण डिस्कवर किमान जाडी लिहिलेली असते," वैशालीताई म्हणाल्या. "ही आधीच तिच्या खाली गेलीय असं मला वाटतं. कड बघा केवढी उभी राहिलीय. लेथवर आणखी घासली तर उरेल काय?"

ऐकलंत? तेच. मला आठ वर्षं माहीत असलेलं, जे मी एकदाही माझं म्हणून बोलले नव्हते, ते ही बाई दहाजणांसमोर, स्वतःच्या तोंडाने बोलत होती. कुणाला फोन न लावता. चहा पीत बसलेले दोघे-तिघे रिक्षावाले हसायला लागले होते आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

दिनूला मी दिसले. "ह्या भाभी आल्या बघा. भाभी, साहेबांना इचारा, म्हंजे ताईंची खात्री व्हईल."

मी वाकून डिस्क पाहिली. मोजायची गरज नव्हती. माझ्या डोळ्याला कळलं. तरी व्हर्नियर पर्समध्ये होताच. तो काढून त्यांच्या हातात द्यायचा, इतकंच करायचं होतं.

मी माडाखाली गेले. फोन कानाला लावला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ उभी राहिले — विचार करत होते असं म्हणू का? नाही. ठरलेलं होतं. आत आले आणि म्हणाले, "हे म्हणतात, दिनूभाऊंचं बरोबर आहे. अजून घासून चालतील. आणि म्हणाले, बायकांनी नेटवर वाचून उगाच घाबरू नये."

ते शेवटचं वाक्य दिनूनं मागितलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. सगळे हसले. वैशालीताईंचा चेहरा उतरला. "असेल बाई. तुमचे मिस्टर जाणकार आहेत," असं म्हणून त्यांनी गाडी दिनूवर सोपवली. आणि मी? मी ताठ मानेनं घरी गेले. हे लपवत नाही तुमच्यापासून — त्या संध्याकाळी मला छान वाटत होतं.

तीन महिन्यांनी वैशालीताई वडिलांचे डोळे दाखवून रोह्याहून परत येत होत्या. घाटाच्या उतारावर ब्रेक सैल पडले. पातळ डिस्क लवकर तापते, तापली की पॅड तिला नुसता स्पर्श करतात, धरत नाहीत. वैशालीताईंनी काय केलं माहितीये? गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढत ओढत गाडी दरीकडून वळवून डोंगराच्या अंगाला घासत थांबवली. मला जमलं असतं की नाही, सांगता येत नाही. वडिलांच्या खांद्याचं हाड मोडलं. गाव म्हणालं, बाई चालवत होती ना, सगळा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरली असणार.

मी भेटायला गेले. डबा घेऊन. वडील खांदा बांधून बसले होते. वैशालीताई म्हणाल्या, "मीच कमी पडले, भाभी." मी म्हटलं, "असं होतं कधीकधी." वडील म्हणाले, एरवी मीच तुम्हाला शहाळं फोडून दिलं असतं, पण हात चालत नाही. शहाळं वैशालीताईंनी फोडलं. मी प्याले. त्यांनी गाडी विकली आणि पुन्हा चालवली नाही.

दोन वर्षांनी आमचे मिस्टर कायमचे परत आले. पहिल्याच आठवड्यात दिनूनं त्यांना कुणाच्या तरी गाडीबद्दल विचारलं. हे मोठ्यांदा हसले. "मला काय विचारता? मला यातलं शून्य कळतं. तिकडून मी कधी गाडीचं नावसुद्धा काढलेलं नाही. ही बघते सगळं." दिनू माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं; त्याला तो शनिवार आठवला होता. लेथवर डिस्क त्यानं घासल्या होत्या, म्हणून तो बोलला नाही. मी का बोलले नाही, ते तुम्हाला आता माहीत आहे.

तेव्हापासून तो थेट मला विचारतो. अलिबागहून माणसं येतात. "लॅबवाल्या भाभींना दाखवा," म्हणतात. मला अभिमान आहे त्याचा. होता, आहे. तो काही कमी झालेला नाही, मी खोटं कशाला सांगू?

गेल्या महिन्यात वैशालीताई घरी आल्या. एसटीने, उन्हातान्हात. त्यांच्या मुलीनं पनवेलला जुनी गाडी घेतली आहे. तिचे ब्रेक बदलायला आलेत, काय टाकू असं विचारायला आल्या होत्या. मी मुलीला फोटो पाठवायला लावले, मापं कशी घ्यायची ते सांगितलं, डिस्क आणि पॅड निवडून दिले. उत्तम निवडले. उठताना माझा हात धरून त्या म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही आहात. मला बाई यातलं कधी काही कळलंच नाही."

मी त्यांना स्टॉपपर्यंत सोडायला गेले. रेवदंड्याची गाडी यायला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं आम्ही त्यांच्या मुलीबद्दल बोललो. गाडी आली, त्या चढल्या, खिडकीतून हात हलवला. मीही हलवला.

त्यांना कळत होतं. माझ्याइतकंच कळत होतं, आणि मला ते त्या शनिवारीच माहीत होतं.