ताई विचारायच्या, मी बघायचे

इंदूताई गेल्या, हे सांगायला त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. दुपारपर्यंत आमच्या कीटक बघणाऱ्या गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. प्रत्येकाने दोन ओळी लिहिल्या आणि जवळजवळ प्रत्येकाने एकच लिहिलं, की काय नजर होती बाईंची. मी फोन पालथा ठेवला. शेवटची तीन वर्षं इंदूताईंना समोरच्या पानावरचा किडा दिसत नव्हता, आणि गटात हे फक्त मला माहीत होतं. आज सहा आठवडे झाले. आता लिहायला हरकत नाही, तशी परवानगी त्यांनीच देऊन ठेवली आहे.

ताई मूळच्या मालवणकडच्या, वडील परळच्या गिरणीत. लग्न होऊन मुलुंडला आल्या आणि तिथल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागल्या. कपाटात टाचण्या मारून ठेवलेले किडे होते, त्यांच्याखालच्या चिठ्ठ्यांवरची नावं चुकीची आहेत असा त्यांना संशय आला. मग ग्रंथालयातून पुस्तकं आणून, डबे पुसता पुसता त्यांनी ती एकेक तपासली. एवढंच त्यांचं शिक्षण. निवृत्तीनंतर अकरा वर्षं त्या आमच्या गटाला दर दुसऱ्या रविवारी मुलुंडच्या मागच्या डोंगरावर नाहीतर आरेत फिरवत होत्या. मी गेले ती डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं म्हणून. झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी बाई मी. पहिल्याच दिवशी तसं सांगितलं, तर ताई म्हणाल्या, "घाबरतंस तर बराच झाला गो. नीट बघशील."

त्यांचं गुपित मला कळलं ते मनोरीला. मार्व्याहून होडीने गेलो होतो. ओल्या वाळूत एक हिरवा, चकचकीत भुंगेरा पळत होता. मी बोट दाखवलं, ताई वाकल्या, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाल्या, "वा, काय रंग आहे." भुंगेरा तेव्हा उडून गेलेला होता. परत येताना होडीत त्यांनीच सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. कडेचं दिसायचं, त्यामुळे चालताना अडत नव्हतं, पण जिथे रोखून बघावं तिथेच धुरकट डाग. डोळ्यांत इंजेक्शनं चालू आहेत इतकंच मुलाला ठाऊक होतं. "त्याला सगळं कळलं तर डोंगर बंद," त्या म्हणाल्या. "मग मी घरात बसून काय करू? सिरियल ऐकू?"

तेव्हापासून आमची जोडी जमली. मी पानाजवळ उकिडवी बसायचे, ताई भिंग लावून शेजारी. त्या विचारायच्या, पंख किती, मिशा कशा, बसलाय कसा, आणि मी स्वयंपाकघरातल्या भाषेत उत्तरं द्यायचे. मसुराएवढा आहे, पाठ शेवग्याच्या शेंगेसारखी आहे, मिशा टोकाला जाड आहेत. माझं सांगून झालं की ताई नाव सांगायच्या. बाकीच्यांना वाटायचं, ताई माझी परीक्षा घेतायत. खरं सांगते, मला त्याचा फार आनंद व्हायचा. घरी माझं बोलणं इतकं लक्ष देऊन कोणी ऐकत नाही.

आणि मग तो रविवार. घाणेरीच्या फुलांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं काहीतरी बसलं होतं. सगळे भोवती गोळा झाले. ताईंनी विचारलं, पंख किती. मी म्हटलं, एकच जोडी. मिशा? त्याच क्षणी माझ्या बहिणीने साडीचे फोटो पाठवले होते, हिरवी घेऊ की जांभळी. मी फोनमध्ये बघत म्हटलं, "आखूड." मिटलेले पंख फसवतात, पण आखूड मिशा म्हणजे माशी, लांब असतील तर गांधीलमाशी, हे मला तोवर पाठ झालं होतं. तरी मी मान वर केली नाही. ताई म्हणाल्या, "माशी आहे. गांधीलमाशीचं सोंग घेते, पण डंख नाही हिला." मृणाल नावाची, बँकेत नोकरी करणारी मुलगी तेव्हा नवीन होती. तिने फोटोत आकार कळावा म्हणून बोट जवळ नेलं आणि ती किंचाळली. मनगटापर्यंत हात सुजला. ताई तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "माझी चूक झाली, बाळा. मला ओळखता आलं नाही." मी शेजारी उभी होते.

रिक्षात मी रडत म्हटलं, मी गटावर सगळं सांगते. ताईंनी माझा हात धरला. "सांगितलंस तर डोळ्यांचंही सांगावं लागेल. चुकणारी म्हातारी चालते, आंधळी नाही चालत." मी गप्प बसले. त्यांच्यासाठी गप्प बसले असं स्वतःला सांगत राहिले, पण ते माझ्याही सोयीचं होतं. त्या आठवड्यात गट चालवणाऱ्या राजनचा ताईंना फोन आला, अगदी सभ्यपणे, की तुमचं वय झालंय, आता पुढे दुसरं कोणीतरी राहू दे. अकरा वर्षं पुढे चालणारी बाई शेवटचं वर्षभर रांगेच्या मागे चालली. तक्रार केली नाही. मागून जास्त दिसतं म्हणायच्या, आणि आम्ही दोघी हसायचो.

शेवटचं भेटले ते त्यांच्या घरी. अंथरुणाला खिळल्या होत्या. इतके महिने अडकलेलं मी बोलून टाकलं. "ताई, त्या दिवशी मी मिशा बघितल्याच नव्हत्या." ताई म्हणाल्या, "माका तेव्हाच कळला. उत्तर लगेच इला. तू बघतंस तेव्हा तुका येळ लागता."

"मग परत का नाही विचारलंत?"

"सगळे उभे होते गो. परत विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं... अर्धी चूक तुझी, अर्धी माझी. मी गेल्यावर सांग हवं तर. मग कोण मला घरी बसवणार?"

गेल्या रविवारी, डोंगर चढण्याआधी, मी सगळ्यांना सांगितलं. राजन खाली बघत राहिला. मृणालने विचारलं, "ताई माझी माफी मागत होत्या, तेव्हा तुम्ही शेजारीच होतात?" मी हो म्हटलं. ती पुढे निघून गेली. अर्धा तास कोणी माझ्याशी बोललं नाही आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. मग वरच्या वळणावरून मृणालची हाक आली, "काकू, इकडे या. हे काय आहे?" पानावर काहीतरी काळं-पिवळं बसलं होतं. मी उकिडवी बसले. पंख बघितले. मिशा एका बाजूने बघितल्या, मग उठून दुसऱ्या बाजूला गेले. मागे सगळे खोळंबले होते. राजन म्हणाला, "काकू, उशीर होतोय, काय आहे ते सांगा ना."

"थांब रे," मी म्हटलं, "अजून बघतेय."