गुडघा मावेल अशी गाडी

त्या वर्षी माझा उजवा गुडघा अर्ध्यावरच वाकायचा. भडगावहून परतताना गिरणेच्या पुलाअलीकडे वाळूवर स्कूटर घसरली आणि माझ्या पायावर पडली. दोन महिने प्लास्टर. ते काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "चालाल, जिनेही चढाल. स्कूटर मात्र विसरा."

मी एका औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्हे माझ्याकडे. आज जामनेर, उद्या चाळीसगाव, महिन्यातून दोनदा थेट पिंपळनेर. एसटीने हे जमेल का, ते मी आठवडाभर करून पाहिलं. माझी उंची सहा फूट तीन इंच. पाय धडधाकट होते तेव्हासुद्धा दोन बाकांमध्ये ते मावत नसत. आता तर एक पाय वाटेत सरळ ठेवावा लागे आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याला अडखळे. चौथ्या दिवशी गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला.

त्यातच साहेबांचं पत्र आलं. पुढच्या एक तारखेपासून दौरे नियमित सुरू झाले नाहीत, तर माझा भाग दुसऱ्या माणसाकडे जाईल. म्हणजे नोकरी जाईल, एवढं स्पष्ट लिहिलं नव्हतं, पण आम्हाला कळलं. हातात बावीस दिवस होते.

बायको म्हणाली, "जुनी मोटार बघू." ती जळगावातच प्राथमिक शाळेत शिकवायची. स्कूटरचे आलेले पैसे आणि तिची भिशी, एवढ्यात बसेल तेवढीच गाडी घ्यायची असं ठरलं. मोटार चालवायला मी कॉलेजात असताना मामाच्या जीपवर शिकलो होतो. पण आपल्याला गाडी परवडणं आणि आपण गाडीत मावणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

जळगावच्या एका दलालाने पहिली गाडी दाखवली. त्या काळात नव्याने दिसू लागलेली ती छोटी मोटार होती. रंग चकचकीत, इंजिनाचा आवाज नाही. मी आत बसलो, तर डोकं छताला लागलं आणि गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर आले.

"सवय होते साहेब," दलाल म्हणाला. "बसून बसून जागा होते."

बायको मागे बसली, दलाल शेजारी. निघालो. रस्ता मोकळा होता तोवर ठीक चाललं. रेल्वेच्या फाटकाकडे जाणाऱ्या उतारावर पुढे एक हातगाडी होती, केळ्यांच्या घडांनी भरलेली. गाडीवाला पाठमोरा. मी ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला आणि ब्रेककडे नेऊ लागलो. तो गेलाच नाही. गुडघा स्टिअरिंगखाली अडकला होता. वाकत नव्हता, सुटतही नव्हता. उतारावर गाडीचा वेग वाढत चालला. दलाल ओरडला. मी दोन्ही हातांनी मांडी धरून पाय ओढला, त्या नादात स्टिअरिंग सुटलं, आणि डावा पाय कसाबसा ब्रेकवर आपटला. गाडी गचका खाऊन बंद पडली. हातगाडी आणि आमच्यात वीतभर अंतर राहिलं होतं. गाडीवाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याला काही कळलंच नव्हतं.

बायकोने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उतरा," ती म्हणाली. "ही आपली नाही." आणि घरी आल्यावर म्हणाली, "यापुढे कुठल्याही गाडीत तुम्ही एकटे बसायचं नाही. मी बरोबर येणार."

पुढच्या दहा दिवसांत आम्ही पाच गाड्या पाहिल्या. एकीत डोकं बसत नव्हतं, एकीत पाय. एका जीपमध्ये दोन्ही मावत होते, पण तिची किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती. दलाल आता मला पाहिलं की हसायला लागले होते.

आठवडा उरला असताना एका डॉक्टरांनी सुचवलं, की धुळ्याला आग्रा रोडवर गाड्यांच्या सीटचं काम करणारे एक चाचा आहेत, सीट मागे सरकवून देतात, त्यांना भेटा. शाळा सुटल्यावर शनिवारी दुपारी आम्ही दोघं धुळ्याला गेलो. चाचा जमिनीवर बसून रेक्झीन कापत होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, टेप घेतली आणि मला स्टुलावर बसवून कमरेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं.

"गाडी कुठली आहे?"

"गाडी नाहीच अजून. आधी मावेल का ते बघतोय."

ते टेप गुंडाळत म्हणाले, "या मापाची सीट मी एकदाच बनवली. पंधरा वर्षं झाली असतील. अँबॅसिडर होती. पूर्ण बाकडंच चार बोटं मागे घेतलं. साक्री रस्त्यावरचे एक आबा आहेत, तुमच्याएवढेच उंच. त्यांची सून मागच्या महिन्यात आली होती, कव्हर शिवायला. म्हणत होती, गाडी विकायची बात घरात चालू आहे. लेकिन..." ते थांबले. "आबांना विचारून जा. सुनेला विचारू नका."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी एसटीने त्यांच्या गावी उतरलो. घर रस्त्यालगतच होतं. पत्र्याच्या शेडमध्ये पांढरी अँबॅसिडर उभी होती, धुतलेली, पुसलेली. ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ ताठ बसले होते. उठून उभे राहिले तेव्हा मला पहिल्यांदाच कुणाशी तरी मान न वाकवता बोलता आलं.

"कोन शे?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. गुडघा, नोकरी, चाचांनी दिलेला पत्ता. ते ऐकत होते, पण माझ्या तोंडाकडे न बघता जरा बाजूला बघत होते. म्हाताऱ्या माणसांची तशी सवय असते म्हणून मी मनावर घेतलं नाही. त्यांची सून पाणी घेऊन आली. मुलगा सुरतला नोकरीला होता. घरात हे दोघंच.

"गाडी विकानी शे," आबा म्हणाले. "पन पयले मी चालाडी दखाडस. मगच तुम्ही हात लावाना."

आधी ते चालवून दाखवणार, मगच मी हात लावायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सून मात्र पटकन म्हणाली, "आबा, मी बी येस," आणि चपला घालून निघाली. मी आबांच्या शेजारी बसलो. बायको माझ्या मागे आणि सून आबांच्या मागे.

गाडी त्यांनी झोकात बाहेर काढली. क्लच, गिअर, सगळं लोण्यासारखं. फरशीच्या पुलावर वेग कमी केला, खड्डा यायच्या आधीच गाडी उजवीकडे घेतली, वळणावर हॉर्न दिला. मी त्यांच्या पायांकडेच पाहत होतो. त्यांचा लांब पाय सरळ पसरलेला होता, गुडघा नुसता किंचित हलत होता. माझ्या मनात आलं, हीच. हीच गाडी.

मागून सून अधूनमधून बोलत होती. "आबा, गाडं शे." "आबा, पोरं शेतस." मला ती जरा बडबडी वाटली. मग आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. सुरतेकडून येणारे ट्रक एकामागून एक सुटले होते. ती म्हणाली, "आबा, बैलगाडी," आणि त्यानंतर आबांनी गाडी बाजूला घेतली. कपाशीने भरलेली ती गाडी मला केव्हाची दिसत होती. ती रस्त्याच्या निम्म्यात होती. सुनेने सांगेपर्यंत आबा सरळ तिच्यावर चालले होते.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जाड भिंगांच्या मागे डोळे स्थिर होते, समोर कुठेतरी लावलेले. खड्डे, पूल, वळणं त्यांना पाठ होती. रस्त्यावर रोज असतं ते त्यांना माहीत होतं. आज नवं काय आलंय, ते दिसत नव्हतं.

मी मागे वळून सुनेकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. बोलू नका.

काय करावं? थांबा म्हटलं तर त्यांचा अपमान, आणि गाडीही गेली. गप्प बसलो तर मागे माझी बायको आहे. मी मनाशी वाक्य जुळवत होतो. "आबा, जरा बाजूला घ्या, मला बसून बघायचंय." साधंच वाक्य, पण तोंडातून निघेना. तेवढ्यात समोरून ट्रक आला आणि त्याने लांबलचक हॉर्न दिला. सून काहीतरी बोलली, ते त्या आवाजात बुडून गेलं. ट्रक पुढे गेला आणि मला त्याच्या मागचं दिसलं. मेंढ्या. सबंध रस्ताभर मेंढ्या, आणि त्यांच्या मधोमध लहान मूल कडेवर घेतलेली एक बाई.

"आबा, ब्रेक!" मी ओरडलो. "ब्रेक दाबा!"

त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. पाय असा पडला की आम्ही सगळे पुढे आदळलो. टायर किंचाळले आणि गाडी थांबली. मेंढ्या बंपरला घासत दोन्ही बाजूंनी वाहू लागल्या. ती बाई जागच्या जागी उभी होती. मग तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं, आमच्याकडे बघून काहीतरी बोलली आणि चालू लागली.

बाहेर मेंढ्यांचं बें-बें चाललं होतं. आबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले होते.

"मेंढ्या व्हत्यात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मानूस बी?"

मला खोटं बोलता आलं असतं. "एक बाई होती," मी म्हणालो. "कडेवर मूल होतं."

मागे सून रडायला लागली. आबांनी इंजिन बंद केलं, दार उघडून उतरले आणि बॉनेटवर हात ठेवत ठेवत माझ्या बाजूला आले. "सरका तिकडे," ते शुद्ध मराठीत म्हणाले. पुढे कळलं, ते तीस वर्षं शाळामास्तर होते. "तुम्ही चालवा."

मी सरकून त्यांच्या जागी बसलो. पाय पसरला. गुडघा कुठेही लागला नाही. टाच खाली टेकवून पंजा इकडून तिकडे सहज वळत होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा माझा पाय दुखत नव्हता, आणि मला त्याचा आनंद वाटायची लाज वाटत होती.

परतीच्या वाटेवर मी चूक केली. धुळ्यातल्या सगळ्या डॉक्टरांकडे माझं जाणं-येणं होतं. मी म्हणालो, "आबा, डोळ्यांचे एक चांगले डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत."

"गाडी दखाले उनात का डोया?" ते कडाडले.

गाडी बघायला आलात की डोळे. मी नजर रस्त्यावर ठेवली. घरी पोचल्यावर त्यांनी किल्ली हातात घेतली आणि आत निघून गेले. सून म्हणाली, "आज जा तुम्ही. मी कळवते." मी तिला शेजारच्यांचा फोन नंबर लिहून दिला. एसटीत बायको खिडकीबाहेर बघत राहिली. "नसतं बोललात तर?" एवढंच ती एकदा म्हणाली.

सोमवार गेला, मंगळवार, बुधवार गेला. शेजारच्यांचा फोन वाजला की मी लंगडत दारात जायचो. एक तारखेला तीन दिवस उरले होते. मी राजीनाम्याचं पत्रसुद्धा मनात लिहून ठेवलं होतं. गुरुवारी सकाळी शेजारच्यांनी हाक मारली. फोनवर आबा स्वतः होते.

"गाडी घेऊन जा," ते म्हणाले. "आणि जाताना मला त्या डॉक्टरकडे सोडा."

कागदपत्रं आणि डोळ्यांची तपासणी एकाच दिवशी झाली. किमतीबद्दल मी बोलायच्या आधीच त्यांनी आमच्या आवाक्यातला आकडा सांगितला आणि पुढे बोलू दिलं नाही. डाव्या डोळ्यात काचबिंदू होता, तो डोळा गेलेलाच होता. उजव्यात नुसता मोतीबिंदू. एक तारखेला मी अँबॅसिडर घेऊन जामनेरला गेलो, आणि त्याच आठवड्यात धुळ्याला आबांचं ऑपरेशन झालं.

मला एक भीती होती, ती मी बायकोलाही सांगितली नव्हती. दिसायला लागलं की आबा गाडी परत मागतील. मागितली असती तर मला नाही म्हणता आलं नसतं.

उन्हाळ्यात ते एसटीने जळगावला आले, सुनेला घेऊन. आमच्या दारात गाडी उभी होती. आबा तिच्याभोवती सावकाश फिरले, एका डोळ्याने सगळं निरखत. डाव्या बाजूला पुढच्या चाकापासून मागच्या दारापर्यंत लांब ओरखडा होता आणि दाराला पोचा. गाडी आमच्याकडे आली तेव्हाही तो होता, आधीचा. ते खाली वाकले, पोच्यावरून बोट फिरवलं.

"हे कोणी केलं?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता.

"माझ्याकडून झालं आबा," मी म्हणालो. "पिंपळनेरच्या बाजारात."

मग ते मला दहा मिनिटं बोलले. गाडी म्हणजे काय खेळणं आहे का, पंधरा वर्षं मी हिला ओरखडा पडू दिला नाही, आणि तुमच्याकडे येऊन सहा महिने झाले नाहीत तोवर ही दशा. मी मान खाली घालून ऐकलं. बायको दारात उभी राहून पदराआड हसत होती. बोलून झाल्यावर आबांनी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटचं दार उघडलं, आत बसले आणि म्हणाले, "चला. तुमचं जळगाव दाखवा. सावकाश चालवा."