तारखेचं टोक

सुखदेवभाऊ गेले तेव्हा मी सातवीला भूमिती शिकवत होतो. फोन त्यांच्या मुलीचा होता. "काका, बाबा गेले. डोक्यातली नस फुटली..." एवढंच ती बोलली. मी मुलांना म्हणालो, पुढचं गणित सोडवा. फळ्यावर पुढचं गणितच नव्हतं. आज महिना होत आला, पण धक्का ओसरत नाही. उलट नंतर जे कळलं त्यानं तो दुणावला.

बोरगाव मेघेत आमची घरं लागून. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामगार, मी विनाअनुदानित शाळेतला मास्तर. रक्तदाबानं दोघांनाही एकाच वर्षी गाठलं, गोळीही एकच लागली. मला रोज एक, त्यांना दोन. त्यांना ती कामगार विम्याच्या दवाखान्यातून मिळायची. मला विमा नव्हता. सरकारी दवाखान्यात मिळाली असती, पण रांगेत विद्यार्थ्यांचे आईबाप भेटतील याची लाज वाटायची. खोटं कशाला बोलू, नुसती ऐट होती! मेडिकलमधली गोळी परवडेना तशी मी ती सोडूनच दिली. एकदा अंगणात चक्कर येऊन बसलो, तेव्हा भाऊंनी खोदून विचारलं. "कमालच करता गुरुजी तुमी!" म्हणत आत गेले आणि कात्रीनं कापलेली अर्धी स्ट्रिप घेऊन आले. "घ्या. मले विम्यातून मोप भेटते. उरते, फेकाच लागते." तेव्हापासून दर रविवारी सात गोळ्यांचा तुकडा कुंपणावरून यायचा. मुदतीची तारीख छापलेलं टोक नेमानं माझ्याकडे. "गुरुजीले वाचल्याबिगर घास उतरत नाई," असं चिडवायचे. मी हसायचो. उरलेल्या गोळ्या दर आठवड्याला बरोबर सातच कशा, हे गणिताच्या मास्तरला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी भाऊंच्या घरून वहिनी कागद-पेन घेऊन आल्या. "गुरुजी, एक अर्ज लिहून द्या. डॉक्टरनं रोजच्या दोन लिहिल्या होत्या, हे एकच खात होते. म्हने, दवाखान्यात अर्ध्याच भेटतात. पगारातून विमा पुरा कापतात, मंग गोळ्या अर्ध्या काऊन देतात?"

भाऊ मला सांगायचे उरतात, बायकोला सांगायचे कमी देतात... आणि त्यांच्या वाट्याच्या गोळ्या रोज सकाळी मी गिळत होतो. "वहिनी, दवाखान्यानं पुऱ्या दिल्या होत्या," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी कोऱ्या कागदाची घडी घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग हळूच विचारलं, "तुमी तरी रोज खाल्ल्या ना?"

मला रडू आवरलं नाही.

परवा सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहिलो. पुढे एका विद्यार्थ्याची आई होती. "जयभीम सर," म्हणाली आणि पिशवी सावरून पुन्हा समोर बघू लागली. बस्स, एवढंच झालं. या एवढ्याशाला मी घाबरत होतो. महिन्याच्या गोळ्या घेऊन घरी आलो. डब्यात भाऊंनी दिलेला शेवटचा तुकडा आहे, चार गोळ्या उरलेला; ते गेल्यापासून त्यातली एकही घेतली नाही. तो खाववत नाही, टाकवत नाही. टोकावरची तारीख वाचली... अजून बरीच पुढची आहे.