आपांची कोंबडी

आपांची नजर घारीची होती. गल्लीच्या टोकाला कोण कोणाची बोरं झोडपतंय, ते त्यांना ओसरीवरून दिसे. पण समोर उभं राहून एखादं पोर मुकाट्यानं बोट दाखवू लागलं, की आपा आंधळ्या होत.

नगरला आमच्या शेजारी, स्वतःच्याच ओसरीवर, आपा लहान मुलांचा वर्ग चालवत. विणकरांच्या, बागवानांच्या, आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या पोरांना मुळाक्षरं शिकवली ती आपांनीच.

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं. पण आमच्या घरात काळजी होती ती शकूची. माझी ही धाकटी बहीण चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. वेखंड उगाळून जिभेला लावून झालं. पोपटाचा उष्टा पेरू खाऊ घालून झाला. त्यानं पोपट तेवढा जास्त बोलू लागला. हेडमास्तर म्हणाले, नाव सांगता आलं नाही तर पोरीला शाळेत घेणार नाही. गल्लीनं तर तिचं नाव 'मुकी' ठरवूनही टाकलं होतं.

"आपा, हिची जीभ जड हाय हो," आई म्हणाली.

"जीभ चांगली आहे. तुमच्या घरचे कान फार तिखट आहेत. हिनं भुवई उडवली की तुम्ही चौघी धावता. ती कशाला बोलेल?"

आईला राग आला. पण उपाय संपले होते. शकू वर्गात बसली, आणि तिच्या वतीनं बोलायला मी.

दुसऱ्याच दिवशी शकूनं माठाकडे बोट केलं. मी तोंड उघडलं.

"तू गप गं," आपा मला म्हणाल्या आणि त्यांनी शकूच्या हातात पाटी दिली. शकूनं पुन्हा बोट केलं. झाडू मिळाला. तिसऱ्यांदा आपांनी आपली तांबडी कोंबडी उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

"नको कोंबडी! पाणी!" शकू किंचाळली.

"असं होय? मग आधी नाही का सांगायचं?"

वाचनाचीही तीच तऱ्हा. गोष्टीतला वाघ झोपडीच्या दाराशी आला, की आपांची भाजी हटकून करपे. पुस्तक आमच्यापुढे टाकून त्या चुलीकडे जात, आणि पुढचं विसरून परत येत. शकू चिडून चिडून वाचायला शिकली. शाळेत तिनं स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं आणि हेडमास्तरांना त्यांचं विचारलं.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी आपांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. आम्ही दोघी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी माठाकडे बोट केलं. सून धावली. शकूनं तिला अडवलं, कोनाड्यातली पाटी काढली आणि आपांच्या हातात दिली. सून बघतच राहिली. आपांनी पुन्हा बोट केलं. शकूनं झाडू आणला.

आपांचा अर्धाच चेहरा हसला. ओठ बराच वेळ धडपडले.

"कों... बडी," आपा म्हणाल्या.

मग शकूनं त्यांना पाणी पाजलं.