ऑपरेटरबाईंचे ओठ हलतात

१४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी इतिहासाच्या पेपरचा निकाल. गुणांच्या जागी 'गैरप्रकाराची नोंद'. दुपारी विद्यापीठाला फोन. संध्याकाळी सुनेशी शब्दाला शब्द. सही करणार नाही.

शेवटच्या तीन शब्दांखाली ऑपरेटरबाईंनी पट्टी धरून रेघ मारली. लग्नाआधीपासून त्या रोज डायरीत चार ओळी लिहीत आल्या होत्या, पण एवढी ठळक रेघ क्वचितच पडली असेल.

टेलिफोन एक्स्चेंजमधून त्या निवृत्त झाल्या आणि पाठोपाठ एक्स्चेंजही निवृत्त झालं. इमारतीतल्या लोकांनी त्यांचं नाव मात्र निवृत्त होऊ दिलं नाही. नवरा गेल्यावर आता देवाधर्मात मन रमवा म्हणून सगळ्यांनी सुचवलं. बाईंनी ऑनलाइन बी.ए.ला नाव घातलं. ते त्यांना मानवलंही. आयुष्यभर कानाला हेडफोन लावून अनोळखी आवाज ऐकलेल्या बाईला, हेडफोन लावून प्राध्यापक ऐकणं काय जड जाणार? विद्यापीठाने अभ्यासासाठी दिलेल्या चॅटबॉटशी तर त्यांचं छान जमलं होतं. तो अधूनमधून भलतीच सनावळी ठोकून देई, बाई त्याचा कान पिळत, तो लगेच माफी मागे. "तुझ्या सासऱ्यांनी जन्मात मागितली नाही एवढी माफी हा एका दुपारीत मागतो," असं त्या सुनेला सांगत.

तेव्हा यंत्राशी त्यांचं वैर नव्हतं. घोटाळा झाला तो परीक्षेत. पेपर घरीच, लॅपटॉपसमोर. राखणीला माणूस नाही. कॅमेऱ्यातून एआय पाहणार. त्याला दिसलं की बाईंचे ओठ सारखे हलताहेत. खोलीत कोणीतरी आहे, बाई त्याच्याशी बोलताहेत, असं त्याने ठरवून टाकलं.

ओठ हलत होते हे खरंच. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लहानपणी ओठांवर लाकडी पट्टी टेकवून मनात वाचायला शिकवलं होतं. एक्स्चेंजचा नियम बरोबर उलटा निघाला. मागितलेला नंबर तोंडाने म्हटल्याशिवाय लाइन जोडायची नाही. सगळी नोकरी पुटपुटण्यात गेली आणि सिस्टरांची पट्टी हरली. आता औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा बाई पुटपुटूनच वाचत.

फोनवर समन्वयक सर लोण्यासारखे मऊ बोलले. मार्ग सोपा होता. 'माझ्याकडून अनवधानाने गैरप्रकार घडला' एवढ्या एका वाक्याखाली सही करायची, म्हणजे ताकीद देऊन पेपर ग्राह्य धरतील. नाहीतर प्रकरण समितीपुढे जाणार, आणि तिथे उलटलं तर पदवीच अडकणार. बाईंनी विचारलं, ते रेकॉर्डिंग कोणी पाहिलं का? सर म्हणाले, सिस्टीमने पाहिलंय. माणसाने पाहिलं का, असं बाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा सरांना दुसरा फोन आला.

ऑफिसातून आलेल्या सुनेने खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता सगळं ऐकून घेतलं.

"आई, करून टाका ना सही. कोण वाचतंय ते?"

"मी वाचतेय ना."

"अहो, एवढी वर्षं घातलीत. पदवी हातची जाईल."

"जाऊ दे. या शहरातली निम्मी लग्नं आणि निम्मी भांडणं माझ्या कानांवरून गेली. बाई, तू चोरून ऐकलंस का, असं मला कधी कोणी विचारलं नाही. आणि आता मी आपल्या हाताने लिहून देऊ, की मी चोर आहे?"

 सुनेने आत जाऊन पर्स ठेवली.

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात, तीही पडद्यावरच झाली. अध्यक्ष मॅडम होत्या, त्यांच्या शेजारी समन्वयक सर होते. सून रजा टाकून घरी थांबली होती, पण बाईंनी तिला खोलीबाहेर बसवलं. उगाच पुन्हा कोणी दिसायला नको. मॅडमनी नियम सांगायला सुरुवात करताच बाईंनी मध्येच म्हटलं की आधी रेकॉर्डिंग लावा, आवाज मोठा करून.

लागलं. पडद्यावर बाई, त्यांच्यामागे कपाट. बाईंचं पुटपुटणं स्पष्ट ऐकू आलं. प्रश्न, सन, तहाचं नाव. मग एका जागी अडून, चांगल्या खणखणीत आवाजात: "थांबा हं. लाइन बिझी आहे."

समन्वयक सरांची मान वर झाली. मॅडमनी रेकॉर्डिंग थांबवलं.

"थांबा कोणाला म्हणालात?"

"उत्तराला," बाई म्हणाल्या. "येत नव्हतं."

मॅडमनी तोंडावर हात धरला. हसू आवरल्यावर त्यांनी पुढचं पाहिलं, शेवटपर्यंत पाहिलं. खोलीत दुसरा आवाज नव्हता. पेपर ग्राह्य, असं त्या म्हणाल्या. फक्त आता उरलेल्या शेवटच्या पेपरला तोंड मिटून बसेन, एवढी हमी द्या, सिस्टीम गोंधळते.

तिथेच खरं तर मिटलं असतं. दाराआडून सूनही मान हलवून हो म्हणा, हो म्हणा, असं सुचवत होती.

"हमी नाही देणार," बाई म्हणाल्या. "शेवटच्या पेपरलाही माझे ओठ हलणार. शंका असेल तर ऐकायला माणूस बसवा. आणि ती गैरप्रकाराची नोंद पुसा."

सर म्हणाले, सिस्टीममध्ये एकदा गेलेली नोंद काढता येत नाही.

"घालता येते ना? मग काढताही येत असेल. विचारून या. मी बसलेय."

आणि त्या बसल्या. चष्मा पुसला, मांडीवर हात ठेवले. सरांनी दोन-तीन ठिकाणी फोन लावले. मॅडम आधी घड्याळ बघत होत्या. मग त्यांनी एक फोन आपल्या हातात घेतला आणि पलीकडच्याला सांगितलं, की समितीचा निर्णय सिस्टीम घेत नसते. थोड्या वेळाने बाईंच्या पडद्यावरची ती नोंद गेली आणि त्या जागी गुण आले. बाईंनी ते पुटपुटत वाचले. शेवटच्या पेपरला देखरेखीला माणूस असेल, हे मॅडमनी स्वतःहून सांगितलं.

त्या संध्याकाळी नेहमीच्या चार ओळींत पहिली निकालाची होती, दुसरी मॅडमची, तिसरी शेवटच्या पेपरची. चौथी अशी: स्वयंपाकघरातला बल्ब गेला, सुनेने स्टुलावर चढून नवा लावला.