घासलेले टायर आणि जवसाचं तेल

आमच्या दिग्रसात टायर घ्यायचा म्हणजे आधी नक्षी बघतात. ट्रॅक्टरचा असो की बैलगाडीचा, खाचेत बोट घालायचं, किती आत जातं ते पाहायचं आणि मान डोलवायची. नक्षी खोल म्हणजे टायर चांगला, विषय संपला. मागच्या वर्षी मीसुद्धा शर्यतीसाठी असेच जुने टायर घेतले. नक्षी कोरी करकरीत, आणि रबर वाळल्या भाकरीसारखं. नागपूरकडच्या मैदानावर पहिल्याच वळणाला गाडी अशी काही सरकली की चार शंकू उडवून मी थेट गवतात. बाप्पा, काय हसले लोक!

मी शाळेची व्हॅन चालवते. सकाळी पोरं गोळा करायची, दुपारी घरोघरी सोडायची. शर्यत हे माझं खूळ. डांबरी मैदानावर लाल शंकू मांडून वाट आखलेली असते. एका वेळी एकच गाडी सुटते आणि घड्याळात वेळ बघतात. बायकांचा गट वेगळा. माझी गाडी म्हणजे मागची सीट काढून टाकलेली एक जुनी लहान गाडी. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन आहे, तोच माझा मेकॅनिक आणि तोच माझा टीकाकार. मागच्या वर्षी गवतातून गाडी ढकलून बाहेर काढताना तो म्हणाला, "आपली व्हॅन कमावते आन् ही खाते. कधीलोक चालन असं?" मी आधीच तापलेली. फटकन बोलून गेले, "पुढच्या खेपेले पहिल्या तिघींत आली नाही तं गाडी इकून टाकीन! मंग तं झालं?"

"ठरलं," तो म्हणाला. हा माणूस बाजारातून सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणायला सांगितला तर विसरून येतो. हे बरं लक्षात ठेवलं!

म्हणून या वर्षी टायर मी स्वतः बघून घ्यायचे ठरवले. शर्यतीचे नवे टायर आमच्या ऐपतीबाहेरचे. पण मोठे संघ एकदोन शर्यती झाल्या की टायर काढून टाकतात, आणि ते नागपुरात एकाच्या टिनाच्या शेडमध्ये येऊन पडतात. वर्षभर मी त्या टायरांबद्दल मिळेल ते वाचलं होतं, बघितलं होतं. रबर मऊ पाहिजे. कडेवर चार आकडे कोरलेले असतात, त्यावरून तो कोणत्या वर्षीचा, कोणत्या आठवड्यातला ते कळतं. आणि आमच्याकडच्या उन्हात जो टायर एक उन्हाळा बाहेर पडून राहिला, तो गेलाच समजा.

शेडमध्ये पाय ठेवला आणि मी दारातच थांबले. छतापर्यंत टायरच टायर. रबराचा वास इतका दाट की जिभेवर चव यावी. यातला एकेक टायर कुठल्या कुठल्या मैदानावर काय वेगानं पळून आला असेल, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. नवरा कोपऱ्यातल्या एका चळतीकडे धावला. "अवो, हे पाह्य बरं! नक्षी कशी हाय!" मी जाऊन नख रोवलं. नख उमटलंच नाही. मग आतल्या बाजूला चार टायर दिसले, बिचारे, घासून घासून जवळजवळ गुळगुळीत झालेले, नुसत्या दोन खाचा उरलेल्या. त्यावर नख दाबलं आणि ते आत गेलं. काढलं तरी खूण तशीच राहिली आणि हळूहळू, जिवंत कातडीसारखी, भरून आली. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. आकडे पाहिले तर जेमतेम दीड वर्षाचे.

"हे घ्यायचे," मी म्हणाले.

"वेडी झाली का तू? हे तं बैलगाडीलेबी कोणी लावनार नाही."

घासाघीस करून आम्ही ते चार टायर घेतले. नवरा परतीच्या रस्त्यात माझ्याशी बोलला नाही. दिग्रसला आल्यावर गल्लीतल्या दोघातिघांनी खाचेत बोट घालून पाहिलं आणि आमची कीव केली.

दुसऱ्या दिवशी टायर चढवून गाडी जिनिंगच्या आवारात नेली. कापूस यायला अजून वेळ होता. सिमेंटचं ते भलंमोठं अंगण मोकळं पडलेलं. मालक चांगला माणूस, रिकाम्या दिवसांत मला तिथं गाडी फिरवू देतो. सुरुवातीला टायर थंड होते, काही विशेष वाटलं नाही. तीनचार चकरा मारल्या, रबर तापलं, आणि मी कापसाच्या वजनकाट्याजवळच्या वळणावर नेहमीपेक्षा जोरात गाडी घातली. मनात म्हटलं, सरकली तर सरकली.

काय सांगू! गाडी सरकलीच नाही. जमिनीनं तिला मनगटाला धरावं आणि फिरवावं, तशी ती वळली. माझं डोकं एकीकडे ओढलं गेलं, पट्टा खांद्यात रुतला, पण चाकं घसरायला तयार नाहीत. मी ओरडले. भीतीनं नाही हो, नवलानं. पुन्हा तेच वळण घेतलं, आणखी जोरात. पुन्हा धरलं. एकेक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. अशा चार तळहातांवर एवढी लोखंडाची गाडी आणि त्यात मी, माझा सगळा जीव! इतकी वर्षं गाडी चालवते, पण जमीन आपल्याला असं धरू शकते हे मला ठाऊकच नव्हतं. थांबून खाली उतरले तर चारही टायर गरम, चिकट, आणि त्यांना खडे आणि मागच्या हंगामातली सरकी गच्च चिकटलेली. नवऱ्यानं एक सरकी उपटून पाहिली, सुटता सुटेना. "आईच्यान!" एवढंच तो म्हणाला. त्या दिवसापासून त्याचं बोलणं सुरू झालं.

मी टायर पुन्हा उतरवले, पोत्यांत गुंडाळले आणि ऊन लागू नये म्हणून मधल्या खोलीत खाटेखाली ठेवले. शर्यत दसऱ्यानंतरच्या रविवारी होती.

आता घरातला तिसरा माणूस. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. तरुणपणी ते शंकरपटात जोडी हाकायचे. शंकरपट म्हणजे बैलांच्या जोड्यांची शर्यत, आणि जोडी हाकणारा तो धुरकरी. आमच्या भागात धुरकऱ्याला काय मान असतो ते इथल्या माणसालाच कळेल. पण सुनेनं शर्यत करावी हे मामाजींना पटलेलं नव्हतं. भांडले नाहीत, मनाही केली नाही. फक्त त्या गाडीपाशी कधी उभे राहिले नाहीत. गाडी अंगणात असली की ते पलीकडून वळसा घालून जायचे. मला ते लागायचं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं वाटायचं.

दसऱ्याला आमच्याकडे सगळी हत्यारं, अवजारं धुतात. वखर, डवरं, कुऱ्हाड, विळे, नवऱ्याचे पाने आणि पक्कड. धुवायचं, तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू, झेंडू. हे काम मामाजींचं, त्यात ते कोणाला हात लावू देत नाहीत. सकाळी मी व्हॅन धुऊन अंगणात आले तर ओळीनं अवजारं मांडलेली, आणि ओळीच्या शेवटी माझे चार टायर. प्रत्येकावर कुंकवाचं बोट, मध्ये झेंडूचं फूल. आणि टायर काचेसारखे चमकताहेत. मामाजी शेवटच्या टायरापाशी बसून जवसाचं तेल चोळत होते. कडेला नाही, नेमकं जिथं रबर जमिनीला टेकतं तिथं. पोटच्या पोराला मालिश करावी तसं.

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. जवसाचं तेल वाळलं की कातड्यासारखा थर धरतं, म्हणून तर ते बैलबंडीच्या लाकडाला लावतात. आणि हे माझ्या टायराला!

"मामाजी! काय करून राह्यले तुमी हे? वाटोळं केलं न माह्यं!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्यापुढे मी आवाज कधी चढवला नव्हता. त्यांचा हात थांबला. वर पाहून ते म्हणाले, "काहून वो? पटाले न्यायच्या आंधी जोडीच्या खुराले तेल लावा लागते. तू धुरकरी. हे तुह्ये खूर."

या माणसानं मला धुरकरी म्हटलं होतं! राग तर इतका आलेला की डोकं भिंतीवर आपटावं, आणि त्याच क्षणी त्यांच्या पाया पडावं असं वाटत होतं. शेवटी मी रडायला लागले. रडतरडत सांगितलं, की याला तेल चालत नाही, हा जमिनीला चिकटूनच पळतो, निसटला की मी गेले, आणि मी गेले की गाडी गेली. गाडी विकायचं ठरलंय हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं.

मामाजी उठले, भांड्याची पावडर आणि नारळाची शेंडी घेऊन आले आणि घासायला बसले. दसऱ्याचं नवं धोतर नेसलेलं, त्याचं भानच नाही. मग मीही बसले, नवराही बसला. पावडरीनं वरचं तेल गेलं, पण रबरात मुरलेलं जाईना, तेव्हा काचकागद आणला. संध्याकाळी लोक आपट्याची पानं घेऊन आले, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," तर मामाजींचे हात कोपरापर्यंत काळेकुट्ट. ते कोपर पुढं करत होते आणि लोक पान खिशात खोचून जात होते. "बुढ्याले काय झालं?" एकानं हळूच विचारलं. मी म्हणाले, "बुढा जोडी तयार करून राह्यला." खरं सांगते, तो म्हातारा तेव्हा मला देवासारखा दिसत होता.

रविवारी आम्ही नागपूरकडे निघालो. नवरा व्हॅनमध्ये टायर घेऊन पुढे, मी आणि मामाजी शर्यतीच्या गाडीतून त्याच्या मागोमाग. वाटेत ते एवढंच म्हणाले, "म्यां घात केला तुह्या." मी म्हटलं, "काहीच्या काही बोलू नका," आणि गाडी दामटली.

दोन फेऱ्या मिळतात, त्यातली चांगली वेळ धरतात. पहिल्या फेरीत तिसऱ्या वळणाला मागची चाकं सुटली. तेल राहिलंच होतं कुठंतरी. कशीबशी सावरून आले, वेळ रद्दी. दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा टायर तापलेले होते. मी पहिलं वळण भीतभीत घेतलं. धरलं. दुसरं धरलं. तिसऱ्या वळणाला मी भीती सोडून दिली आणि गाडी घातली, आणि जमिनीनं पुन्हा मला मनगटाला धरलं. त्यापुढचं मला नीट आठवत नाही. शंकू येत होते, जात होते, मी हसत होते. तसं चालवणं मला जन्मात जमलं नव्हतं.

चौथी आले. तिसरीच्या मागे, डोळ्याची पापणी लवावी एवढ्यानं.

मी हेल्मेट काढलं आणि बोनेटला टेकून ढसाढसा रडले. नवरा पाठीवरून हात फिरवत राहिला. पण शब्द म्हणजे शब्द. अमरावतीचा एक तरुण सकाळपासून गाडीभोवती घुटमळत होता, त्याला गाडी हवी होती. मीच नवऱ्याला म्हणाले, "बोलवा त्याले. एकदाचं होऊन जाऊ द्या."

स्पर्धा संपली की घरच्या माणसांना हेल्मेट घालून एक फेरी बसू देतात. मामाजी पुढे आले. "मले बसव," म्हणाले. टोपी काढून त्यांनी नवऱ्याच्या हाती दिली. हेल्मेट घट्ट झालं, पट्टा मी लावून दिला. मी हळू चालवणार होते. पहिल्या वळणाआधीच ते म्हणाले, "हाक!"

मग हाकली. टायर अजून गरम होते, तेलाचा मागमूस नव्हता. दुसऱ्या वळणाला गाडीनं जमीन पकडली, तेव्हा मामाजींनी दोन्ही हात समोर ताणले आणि त्यांच्या घशातून पटातली ती आरोळी निघाली, लांब, खणखणीत, साऱ्या मैदानानं ऐकावी अशी. माझ्या पाठीतून शिरशिरी गेली. मी एवढं मोठं काही आयुष्यात ऐकलं नाही.

गाडी थांबवली. अमरावतीवाला नवऱ्यासोबत दाराशी येऊन उभा होता. मी उतरले. मामाजी उतरेनात. डोळे भरलेले, पट्टा लावलेला, हेल्मेट तसंच.

"बाबा, उतरा न आता," नवरा म्हणाला. "ह्याइले गाडी पाहू द्या."

"पाहू दे. मी कुठी नाही म्हनलं?"

"तुमी उतरल्याबिगर कसं पाहतीन?"

"मी उतरत नाही. इकायची असन तं माह्यासगट इक."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तो पोरगा बिचारा थोडा वेळ थांबला, मग मामाजींना नमस्कार करून निघून गेला.