समुद्रात पितळी गुंडाचं पाणी

भुताखेतांच्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. अकोल्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात वीस वर्षं काम करतेय. असली पुस्तकं नोंदवली, वाचली, परत कपाटात ठेवली... झोप कधी उडाली नाही. म्हणूनच हे लिहायला तीन महिने लागले.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. घरच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे. आई गावाबाहेरच्या एकुलत्या गोड विहिरीवरून पितळी गुंडात, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या घागरीत, प्यायचं पाणी आणायची. त्या पाण्याला पितळेचा किंचित वास असे. पुढे नळ आले, विहीर बुजवली, गुंड मोडीत गेला.

मागच्या वर्षी धाकट्या बहिणीनं, वंदनानं, आईला तारकर्लीच्या समुद्रातल्या बनाना राइडचा, होडीमागं ओढल्या जाणाऱ्या केळ्याच्या आकाराच्या फुग्याचा, व्हिडिओ दाखवला. आई म्हणाली, "खारं पानी पाहाले इतक्या दूर कावून जाऊ? घरीच हाये! पन त्या केळ्यावर मात्र बसाचं हाये मले."

तिघींचं बुकिंग झालं. निघायच्या महिनाभर आधी आई गेली.

मी म्हटलं, रद्द कर. वर्षाच्या आत आपण सणसुद्धा करत नाही, आणि ही तर निव्वळ मौज.

वंदना उसळली. "आई असती तं तुले हाकललं असतं, ताई. चाल गुपचूप!"

गेलो. वाटभर मन टोचत होतं. पण समोर एवढं पाणी पाहिलं आणि छाती धडधडू लागली — भीतीनं नव्हे! सकाळचे दहा वाजले होते, समुद्र शांत होता. होडीवाल्यानं आमच्या लाइफ जॅकेटचा एकेक पट्टा स्वतः ओढून पाहिला. "पडलात तर घाबरू नका. जॅकेट वर आणतं. तोंड तेवढं मिटा."

बोट सुटली. लाटांवर आपटत, उडत... मी, पन्नाशीला आलेली बाई, पोरीसारखी किंचाळत होते! शेवटी ठरल्याप्रमाणे त्यानं आम्हाला पाण्यात उलटवलं. तोंड मिटायचं राहून गेलं.

पाणी गोड होतं. आणि त्याला पितळेचा वास होता.

मी काही बोलायच्या आत शेजारी तरंगणारी वंदना ओरडली, "ताई... गुंडातलं पानी!"

आम्ही घाईघाईनं ओंजळी भरल्या, चाखल्या. खारट. जीभ चरचरली.

खाडीचं पाणी मिसळलं असेल का, असं मी होडीवाल्याला विचारलं. तो हसला. "ताई, इथे खाडीपण खारीच!"

एकीला भास झाला म्हणावं, तर दोघींना एकाच क्षणी? परत आल्यावर मी कपाटांतली असली सगळी पुस्तकं पुन्हा काढून चाळली. त्यांत असं काही सापडलं नाही.

"अजून एक राउंड?" वंदनानं विचारलं. मी तिच्या आधी केळ्यावर चढले. या वेळी भरपूर खारं पाणी प्यायलो, खोकत खोकत हसलो. वर्ष सरायचं आहे, आणि त्या हसण्याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही. पाण्याइतकंच मला त्याचंही नवल वाटतं.